सर्व्हे नंबर एकोणीसचं पाणी

तमाम जनतेस, ज्यांच्या नावे गुंठाभर जमीन आहे त्यांस व ज्यांच्या नावे काहीच नाही त्यांसही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने आपल्या हयातीत एक सर्च रिपोर्ट साफ चुकीचा दिलेला आहे. याबाबत कोणाची हरकत असल्यास हा दिवाळी अंक हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत लेखी पुराव्यानिशी कळवावे. मुदतीनंतर आलेली हरकत चहा पाजून परत पाठवण्यात येईल.

अशा जाहीर नोटिसा मी लोकांच्या जमिनींसाठी आजवर ढिगानं छापून आणल्या. स्वतःसाठी ही पहिलीच.

धंदा आधी समजावून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी डिटेक्टिव्ह आहे. तसा मी आहेच, पण पगार तेवढा नाही. आर्णीला बापूसाहेब वकिलांच्या ऑफिसात मी विशीपासून काम करतो. कोणी जमीन घ्यायला निघालं की पहिला प्रश्न असतो, विकणारा खरंच मालक आहे का? ते बघायला मला धाडतात. आजचा सातबारा हातात घ्यायचा. त्यावर नाव गणपतचं. गणपतकडे जमीन आली कुठून? फेरफार काढायचा, म्हणजे मालक बदलल्याची नोंद. बाप नारायण मयत, वारस गणपत. नारायणाकडे कुठून? बायकोच्या माहेरून. तिच्या बापाकडे? असं एकेक पायरी उतरत मागं जायचं. सगळं जग पुढं जातं, मी मागं जातो आणि संध्याकाळी धुळीनं माखून घरी येतो. याला आम्ही ‘सर्च मारणे’ म्हणतो.

यात माणसं भेटतात ती कुठं भेटणार नाहीत. आमच्याकडे एक म्हातारा यायचा, ज्याला सख्ख्या भावानं कागदावर मयत दाखवलं होतं. ती नोंद दुरुस्त व्हायला बरीच वर्षं लागली. तोवर हा दर दिवाळीनंतर ऑफिसात येऊन आरामात बाकावर बसायचा आणि म्हणायचा, “वकीलसाहेब, यंदाबी नाई मेलो. लेहून घ्या.”

बापूसाहेबांना एक नाद होता. रद्दीवाल्याकडून त्यांनी कव्हर गेलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. विलायतेत जुन्या काळी मॅनर नावाची जहागिरीची गावं असत, त्यातली एकेक कोणाकोणाच्या हातातून गेली त्याचा त्यात इतिहास. दुपारी काम नसलं की बापूसाहेब ते वाचत आणि मला सांगत. सांगताना विलायतेचं आर्णी करून टाकत.

“ऐक विनू. राजानं हे गाव देल्लं सरदाराले. सरदार मेला, पोरगा नाही, तीन पोरी. गावाचे तीन हिस्से. मोठीचा नवरा बंडात सापडला, तो हिस्सा सरकारजमा. मधलीनं आपला हिस्सा मठाले दान देल्ला. धाकटीचा नवरा मेला, तिनं दुसरा केला, पहिल्याची पोरं कोर्टात गेली. आता सांग, सर्च कसा मारशीन?”

“मोठ्या बहिणीनं हक्कसोडपत्र दिलं होतं का?” मी विचारायचो.

बापूसाहेब मांडीवर थाप मारायचे. “हा! शिकला तू!”

एक गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली की मला तोंडपाठ झाली. तिथला एक राजा बोटीत बसला की त्याला फार मळमळायचं. तेव्हा समुद्र ओलांडताना राजाचं डोकं धरून बसायचं, एवढ्या कामाबद्दल एका घराण्याला जमीन दिलेली. बाप मेला की पोरानं धरायचं. काम चालू तोवर जमीन त्यांची. “चाकरीची जमीन म्हनतेत याले,” बापूसाहेब सांगत. “भाव नाई, भाडं नाई. डोकं सोडलं का जमीन गेली!” हे सांगताना ते दोन्ही हातांनी माझं डोकं धरत आणि आमचा चहावाला दारातूनच परत जाई.

आता ती वर्षं सांगायला हवीत. कापसाची पडती वर्षं. पाऊस कधी नाही, कधी नको तेव्हा. भाव तर कधीच नाही. आर्णीत, महागावात, ज्याच्या त्याच्या तोंडी जमीन काढायची गोष्ट. आणि जमीन विकायला निघाली की सर्च आलाच. कापूस जितका पडला तितकी आमच्या ऑफिसातली गर्दी वाढली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण त्याच वर्षांत मी पहिली मोटारसायकल घेतली. दिवसाला तीन-तीन रिपोर्ट काढायचो. घाईत माणूस काय काय बघत नाही, ते आता कळेल.

गुलाबरावजी कापसाचे व्यापारी. (गावाचं नाव आणि माणसांची नावं बदलली आहेत, गुलाबरावजींचा स्वभाव बदलता आला नाही.) ते एक दिवस आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, “विनूभाऊ, कापसात आता काई राह्यलं नाई. मी डिझेल इकतो.”

महागावहून फुलसावंगीकडं जाताना मौजे कवठदरीचा एक छोटा घाट लागतो. घाटमाथ्यावर सर्व्हे नंबर एकोणीस, चार एकर, रस्त्याला लागून. तिथं त्यांना पेट्रोल पंप टाकायचा होता. कवठदरी हे इजाऱ्याचं गाव. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात रान पडलं होतं. जो कोणी ते तोडून गाव वसवील त्याला ते इजाऱ्यानं, म्हणजे ठरलेला सारा भरायच्या बोलीवर, मिळायचं. त्या मूळ इजारदाराचे पणतू नागपूरला राहत होते, त्यांनी गाव कधी बघितलंही नव्हतं. ते विकायला तयार होते.

मी तीस वर्षांचा सर्च मारला. तीसच का? बँक तेवढाच मागते म्हणून. तीस वर्षं सातबाऱ्यावर त्याच घराण्याची नावं. पिकाच्या रकान्यात कापूस, कापूस, कापूस. जमीन कसणारा कोण? खुद्द. मी खाली लिहिलं, ‘सदर मिळकत निर्वेध व निजोखमी आहे,’ म्हणजे तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, बोजा नाही, आणि झोकात सही केली. जागेवर गेलो नाही. आम्ही जात नसतो. आम्ही कागदावर जातो.

खरेदी झाली. महिनाभरानं ऑफिसच्या पायरीवर एक बाई येऊन बसली. साठीची, सुपारी चघळणारी, मांडीवर बिस्किटाचा पत्र्याचा डबा. मी आत जाताना तिनं अडवलं.

“तूच का तो सर्चवाला?”

“हो चाची.”

“मंग मले सांग, मी कुठी राह्यतो?”

“मला काय माहीत चाची?”

“तुले काहून माहीत नाई? तुनंच लेहून देल्लं न, तिथं कापूस हाय म्हनून. मी लगन होऊन आलो तवापासून त्या कापसात बसून हाओ. एक बोंड नाई दिसलं भाऊ. तू ये एकदा, दाखवून दे. आपुन दोघं वेचू.”

ही झुलेखाबी. नवरा आर्णीला सायकली दुरुस्त करायचा, तो वारलेला. ही घाटावरच राहायची. गुलाबरावजींचा माणूस येऊन चुन्यानं खुणा करून गेला होता आणि पावसाळ्याआधी छप्पर हलवा म्हणून सांगून गेला होता.

मी तिला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि कवठदरीला गेलो. रस्ताभर ती मला दोन्ही बाजूंची शेतं दाखवून सांगत होती, “हे पाह्य, कापूस याले म्हनतेत.”

नंबर एकोणीसमध्ये एक चिंच होती, दगडी बांधकामाची जुनी विहीर होती, टिनाचं छप्पर होतं आणि छपराखाली मातीचे तीन मोठे डेरे, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले. कापसाचं एक झाड नव्हतं. मी उभा होतो तेवढ्यात घाट चढून एक मेंढपाळ आला, काही न बोलता पाणी प्याला, तांब्या पालथा घातला आणि गेला.

चूक कशी झाली ते तिथं उभ्या उभ्या समजलं. पीकपाहणीला तलाठ्यानं शेतात जायचं असतं. कवठदरीचा तलाठी चावडीच्या निंबाखाली बसायचा आणि लिहायचा, एक नंबर कापूस, दोन नंबर सदर, तीन नंबर सदर. ‘सदर’ म्हणजे वरच्यासारखंच. पुढच्या वर्षी मागच्या वर्षाचं उतरवायचा. त्यानंतर आलेल्यानं त्याचं उतरवलं. मी नंतर मुद्दाम बघितलं, कवठदरीच्या स्मशानातही तीस वर्षं कापूस होता. ज्या वर्षी गावात कोणाच्या घरात कापूस आला नाही, त्याही वर्षी कागदावर मेलेल्यांच्या जागेत भरघोस उभा होता. आणि त्या सगळ्या ‘सदर’च्या खाली, शेवटचा सदर म्हणून, माझी सही.

झुलेखाबीनं डबा उघडला. आत बांबूचं नळकांडं, नळकांड्यात एक गुंडाळी, धुरानं काळपट झालेली.

“हे घरात पयल्यापासून हाय,” ती म्हणाली. “कोनाले वाचता येत नाई. माही सासू दर जुमेरातले याले लोबान दाखवे. मीबी दाखवतो.”

कागद मोडी लिपीत होता. माझे आजोबा कारकून होते. त्यांनी मला लहानपणी कान पिळून मोडी शिकवली, त्या कानाचे आज उपकार आहेत. मी चिंचेखाली बसलो आणि वाचू लागलो. मूळ इजारदारानं बुधन नावाच्या भिस्त्याला, म्हणजे पखालीनं पाणी वाहणाऱ्याला, लिहून दिलं होतं. मजकूर साधारण असा: घाटात पाण्यावाचून माणसं हाल काढतात, म्हणून ही जमीन तुला व तुझ्या वंशाला दिली आहे. येणाऱ्याजाणाऱ्यास जात न विचारता पाणी द्यावे. तुमच्या घरचे माणूस पाणी देते तोवर आमच्या घरच्या कोणी हरकत करू नये. डेरे कोरडे पडतील त्या दिवशी जमीन आमच्या घरात परत येईल.

शेवटची ओळ ऐकून झुलेखाबीनं डबा मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाली, “सासू मरताना मले म्हने, पोरी, काई कर पन डेरा सुकू देऊ नोको, घर जाईन. मले वाटे, बुढीले भरम झाला.”

तिला स्वतःला ही अट माहीत नव्हती. तरी एक दिवस डेरा सुकू दिला नव्हता.

मी आर्णीला परतलो आणि बापूसाहेबांना सांगितलं. त्यांनी टेबलाला वळसा घालून माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं. “विनू, विलायतेत कायले पाह्यचं! आपल्या घाटात बसून हाय नं राजाचं डोकं धरनारी!” मग एकदम वकील झाले. “गुलाबराव आपला पक्षकार होता. त्याले आधी तू सांग. तुह्या तोंडानं.”

तो माझ्या नोकरीतला सर्वांत लांब अर्धा तास. मी गुलाबरावजींच्या गादीवर जाऊन म्हणालो, “माझा रिपोर्ट चुकला. ती जमीन दुसऱ्याची आहे.”

त्यांनी माझा रिपोर्ट काढून समोर ठेवला. “निर्वेध लेहलं होतं तुनं.”

“हो.”

“निजोखमीबी लेहलं होतं.”

“हो.”

“मंग आता काय, रबर घेऊन आला काय?”

त्यांचंही चुकत नव्हतं. नागपूरवाल्यांकडून त्यांचे पैसे परत मिळवायला बापूसाहेब फुकट काम करतील असं मी सांगितलं, पण त्यांना पैसे नको होते, पंप हवा होता. त्यांनी यवतमाळचा वकील केला. आम्ही झुलेखाबीच्या वतीनं फेरफाराला हरकत घेतली आणि प्रकरण नायब तहसीलदारांपुढं आलं.

आता मी केलं ते, जे आधी करायला हवं होतं. तिसाव्या वर्षावर थांबलो नाही. यवतमाळच्या रेकॉर्डरूममध्ये लाल फडक्यात बांधलेले बस्ते सोडत बसलो. आठवडाभर मला झुरळांनी नावानं ओळखलं. मागं, मागं, आणखी मागं गेलो, आणि एका जुन्या पेरेपत्रकात एकोणीस नंबरपुढं ‘सदर’ नव्हतं. कोणी अनामिक पटवारी, अक्षर किरटं, शेऱ्याच्या रकान्यात लिहून गेला होता: ‘पीक नाही. विहीर व डेरे. भिस्ती लोकांची वहिवाट. समक्ष पाहिले. पाणी थंड आहे.’

पाणी थंड आहे! सरकारी रकान्यात ही नोंद करायचं काही कारण नव्हतं. मला त्या माणसाचं नाव माहीत नाही, त्याची सही वाळवीनं खाल्ली. पण तो शेतात उतरला होता. मी त्या बस्त्याला वाकून नमस्कार केला तेव्हा रेकॉर्डकीपरनं विचारलं, “घरचे कोनी होते काय?” मी म्हटलं, “आता झाले.”

तारखेला यवतमाळचे वकील उभे राहिले आणि त्यांनी आमची सगळी हवा काढून घेतली. त्यांनी कागद मान्य केला, पटवारीही मान्य केला. ते म्हणाले, “साहेब, त्याच कागदात लिहिलं आहे, काम बंद तर जमीन परत. आता घाटातून एसटी जाते, जीप जाते. लोक बाटली घेऊन फिरतात. कोण थांबतं? ही चाकरी कधीच संपली. बाई आपल्या घरी आपल्यापुरतं पाणी भरते. पाहुण्याला पेलाभर पाणी तर कोणीही देतं. ती चाकरी होत नाही.”

आमचा मेंढपाळ साक्षीला आला होता, पण त्याला कोणी विचारलं की कोणत्या तारखेला पाणी प्यालास, तर तो म्हणाला, “तहान लागली तवा.” यावर सगळे हसले. झुलेखाबी हसली नाही. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, “भाऊ, पानी पाजल्याची पावती घ्यायची राह्यते काय रे?”

 त्या वर्षांत मी काढलेले सगळे रिपोर्ट डोळ्यांपुढून गेले. त्यांतले किती ‘सदर’ होते, कोण जाणे. प्रत्येकाकडं डबा घेऊन येणारी झुलेखाबी नव्हती. ही एक गोष्ट आजही मधूनच टोचते. पण ती आली, पायरीवर बसली आणि मला शिव्या न देता कापूस वेचायला बोलावलं, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. तेव्हापासून मी जागेवर गेल्याशिवाय सही करत नाही. रिपोर्टाला उशीर होतो. बापूसाहेब गेले, त्यांची मुलगी आता ऑफिस बघते, ती कुरकुर करते आणि मग स्वतःच गाडी काढून माझ्याबरोबर येते. आणि गुलाबरावजी? त्यांचा पंप पुढं दोन किलोमीटरवर झाला, फार चांगला चालला, आणि मला अजूनही ते ‘निजोखमी’ अशी हाक मारतात. इतक्या मोठ्या चुकीनंतर इतकी माणसं गोड राहिली, हे नशीबच म्हणायचं.

तर, त्या तारखेनंतर नायब तहसीलदारांनी ठरवलं की जागा स्वतः बघायची. हे साहेब कडक. पक्षकाराकडचा चहा नाही, पान नाही, खुर्चीसुद्धा चावडीतून मागवायचे. मे महिन्यातली दुपार. साहेबांची जीप घाटाच्या मध्यावर तापून बंद पडली, म्हणून ते, त्यांचा कारकून, दोन्हीकडचे वकील, गुलाबरावजी आणि मी, असे सगळे उरलेला घाट पायी चढलो. साहेबांची बाटली जीपच्या रेडिएटरमध्ये रिकामी झाली होती. यवतमाळच्या वकिलांनी काळा कोट काढून डोक्यावर घेतला होता.

बापूसाहेबांनी झुलेखाबीला बजावून ठेवलं होतं, “काही बोलू नका. इचारल्याशिवाय एक शब्द नाही.” ती छपराखाली उभी होती. साहेबांनी विहीर बघितली, डेरे मोजले, कारकुनाला पंचनामा सांगायला लागले आणि सांगता सांगता त्यांचा आवाज घशात अडकला. झुलेखाबीनं डेऱ्यातून पेला भरला आणि पुढं धरला.

साहेबांनी हात वर केला. “नाही बाई. मी पक्षकाराचा पाहुणचार घेत नाही.”

बापूसाहेबांनी डोळे मिटले. झुलेखाबीनं साहेबांकडं बघितलं आणि बजावलेलं सगळं विसरली. “हा पाहुनचार नोय बाप्पा,” ती म्हणाली. “तुमी साहेब असान महागावात. इथं तुमी घाट चढून आले. हे आमचं काम हाय.”

पेला तसाच पुढं. वाऱ्याचा पत्ता नाही. यवतमाळचे वकील कोटाखालून डेऱ्याकडं बघत होते. साहेबांनी एकदा कारकुनाकडं बघितलं, एकदा चुन्याच्या खुणांकडं, आणि हात पुढं केला.

पुढं लेखी निकाल आला, त्यात खरेदीची नोंद रद्द झाली आणि एकोणीस नंबरपुढं झुलेखाबीचं नाव लागलं. निकालात कारणं बरीच दिली होती. मोडी कागद होता, पटवाऱ्याचा शेरा होता. पण सगळ्यांत खाली, पंचनाम्यातून जसंच्या तसं उचललेलं एक वाक्य होतं. साहेबांच्या ओठांशी पेला गेला त्या क्षणी खुद्द गुलाबरावजी, ज्यांना यवतमाळच्या वकिलांनी तोंड उघडायचं नाही म्हणून सक्त ताकीद दिली होती, सर्वांसमक्ष ओरडले होते:

“ओ साहेब, पेऊ नोका, पेऊ नोका! तुमी पेले तं चाकरी चालू हाय असं होते नं!”